एका जेवणाचा नेम

“पोरगी गोरी आहे, इंग्रजी शिकेल आहे, सारं खरं वो बाई. पण दारातून आत येते तं उजेड बंद होते.”

स्वयंपाकघरातल्या पाहुण्या बाईचं हे वाक्य मला ऐकू आलं तेव्हा मी त्याच दाराशी पोचले होते. हातात पाण्याचा तांब्या होता, आणि माझ्यामागे अंगणातलं ऊन. मी खाली पाहिलं. उंबरठ्यापासून चुलीपर्यंतच्या सारवलेल्या जमिनीवर माझीच सावली पसरली होती. कोणीतरी हसलं. मोठी आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, “खात्यापित्या घरची पोट्टी आहे. आमच्या घरी हाडकं नाई वाढत.” मी तांब्या उंबरठ्यावर ठेवला आणि परत फिरले.

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही – परवा अकोल्याला दोन-तीन वाक्यं तोंडून गेली, तेवढीच. सुरुवात त्या बाईच्या वाक्यापासून केली खरी, पण सावध राहा. त्या वाक्यामुळे मी पुढचं सगळं केलं असं मी म्हटलं, तर तुम्हाला माझी दया येईल. आणि ती दया खोट्या कारणासाठी असेल. त्या बाई ज्याच्यासाठी मला पाहायला आल्या होत्या, त्या त्यांच्या भाच्याशी लग्न करायची मला हौस नव्हती. बारीक व्हावं ते कोणाच्या डोळ्यांसाठी, असं मला कधी वाटलंच नाही.

मला दोरीवर चढायचं होतं.

माझे वडील अकोल्याला डॉक्टर. तिथे माझ्या जोगती शाळा नव्हती, म्हणून मला लहानपणापासून अमरावतीला त्यांच्या थोरल्या भावाकडे ठेवलेलं – मोठे बाबा आणि मोठी आई. शाळा गोऱ्या नन्सची. तिथे मराठी बोललं की कोपऱ्यात उभं राहावं लागे. घरी आलं की मी पुस्तकातल्यासारखं बोलते म्हणून हसत. त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहायची सवय लागली. गप्प माणसाला एक फायदा असतो. लोक त्याला चांगलं समजतात. मी चांगली मुलगी आहे असं सगळे धरून चालले होते, आणि मीही त्यांना कधी अडवलं नाही.

शेवटच्या वर्षाला असताना मी गावातल्या व्यायामशाळेत मुलींच्या वर्गाला जाऊ लागले. उंच भिंतीआड मैदान, कडेला चिंचेची झाडं, तांबड्या मातीचा हौद. लेझीम, लाठी, दंड, बैठका. आणि मध्यभागी उंच लाकडी चौकटीला टांगलेली सुताची दोरी. तिच्यावर चढायचं ते हातांनी आणि पायांनी – दोरी पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या चिमटीत धरायची आणि अंग वर खेचायचं. वर गेल्यावर मुली दोरीवर पद्मासन घालत, आडव्या होत, हात सोडून देत. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा वर्ग सुटल्यावरही दोरीखालीच उभी राहिले. शाळेत बक्षिसं मिळाली होती, कविता पाठ म्हटल्या होत्या, पण असं काही हवंसं कधी वाटलं नव्हतं. इतकं हवंसं वाटणं – तुम्हाला झालंय कधी?

वर्ग घेणाऱ्या बाईंना सगळे आक्का म्हणत. त्यांनी मला दोरीशी उभं केलं. मी जमिनीपासून वीतभर वर गेले आणि खाली आले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “हात चांगले आहेत तुझे. पण हात जेवढं उचलतात त्याहून तू जास्त आहेस.” मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. वेळेवर जेव. थोडं जेव. तूप, गोड आणि मधलं खाणं सोड. पण उपाशी राहू नकोस, उपाशी मुलगी दोरीवरून पडते.

थोडं जेव! आक्का नागपूरकडच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांना आमचं घर काय ठाऊक?

आमच्या घरात जेवणं होतं आणि उपास होता. थोडं जेवणं अशी गोष्टच नव्हती. मोर्शीजवळ आमचा संत्र्यांचा मळा, काळ्या जमिनीची शेती. घरात सतत कोणी ना कोणी जेवत असायचं. मोठ्या आईच्या हाताला माप नव्हतं. वरणात तुपाची धार पडायची ती वरण झाकेपर्यंत. भाकरीला ‘नको’ म्हटलं की ती अर्धी मोडून वाढायची, अर्धीला ‘नको’ म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. “काहून? माह्या हातचं कडू लागून राहिलं काय तुले?” तिच्या पोटी एकच मुलगा, बापूदादा. मुलीची हौस तिने माझ्या ताटात पुरवली होती. त्या ताटातलं काही टाकणं म्हणजे तिला टाकणं.

मी प्रयत्न केले. पोट दुखतं म्हटलं – ओव्याचं पाणी आलं आणि मागोमाग मऊ खिचडी आली, वर तूप. भूक नाही म्हटलं – मोठ्या बाबांनी वैद्य बोलावला. मग वाटलं, सोमवार धरावा. उपासाला कोण अडवणार? तो सोमवार मी अजून विसरलेले नाही. सकाळी दाण्याचा लाडू आणि दूध. दुपारी भगर, दाण्याची आमटी, रताळ्याच्या साखरेत घोळलेल्या चकत्या. तिसऱ्या प्रहरी शिंगाड्याचा शिरा. “उपासाची पोट्टी आहे, सुकून गेली माही बाई,” म्हणत मोठी आई वाढत राहिली. इतकं मी दिवाळीलाही खात नसे. दुसऱ्या दिवशी दोरीवर वीतभरसुद्धा गेले नाही.

आणि मग आषाढी एकादशी आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी, बारशीला, उपास सोडायची ताटं वाढली होती. मोठी आई, मी, शेजारच्या दोघी बायका. यमुना वहिनी – बापूदादाची बायको – चुलीशी भाकरी टाकत होती. मी सकाळीच ठरवून आले होते. म्हटलं, “मोठी आई, मी देवीपुढे चातुर्मासाचा नेम धरला आहे. दुपारी एकदाच जेवायचं. तूप नाही, गोड नाही. संध्याकाळी फक्त पाणी.”

आता यात इतकं वाईट काय? तुम्ही म्हणाल, बायका असे नेम धरतात, त्यात खोटं ते काय. इथवर मलाही तसंच वाटलं होतं. पण मोठ्या आईने विचारलं, “कायचा नेम व माय? कोनासाठी?”

हे मी ठरवून आले नव्हते.

माझ्यासमोर भाकरीची थाप थांबली होती. वहिनीची पाठ दिसत होती. वहिनीला लग्नानंतर बरीच वर्षं मूल झालं नव्हतं. मोठी आई तिला टाकून बोलत नसे, पण येणाऱ्या-जाणाऱ्या बायका बोलत. त्या उन्हाळ्यात बापूदादाच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट बैठकीत उघड निघाली होती, आणि मोठे बाबा ‘नाही’ म्हणाले नव्हते. हे सगळं मला माहीत होतं. गप्प माणसाला घरातलं सगळं माहीत असतं. मी वहिनीच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाले, “वहिनींसाठी.”

मोठ्या आईने हातातली पळी खाली ठेवली. दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. हात पिठाचे होते. शेजारणींकडे वळून म्हणाली, “पाहा बाप्पा. मडमांच्या शाळेत शिकते, अन् देवाचं कोनाले सुचलं?” वहिनी तव्याकडे पाहत राहिली. त्या दिवशी घरात पहिल्यांदा तिची भाकरी करपली.

संध्याकाळी माझं ताट मांडलं गेलं नाही. आणि वहिनीचंही नाही. ती म्हणाली, “माह्यासाठी तुमी उपाशी राहान, अन् मी जेवू काय, प्रमिलाबाई?”

मी काय म्हणायला हवं होतं ते तुम्हालाही कळतं आणि तेव्हा मलाही कळत होतं. मी म्हणाले, “तुमची इच्छा.”

इथे जरा थांबते. कारण पुढचं सांगताना माझा आवाज बदलेल, आणि तो का बदलला असं तुम्हाला वाटेल. त्या महिन्यांची मला लाज वाटते का? हो. आणि अभिमान? तोही वाटतो. खरं सांगायचं तर अभिमान जास्त वाटतो. तो लपवून सांगितलं तर हा कबुलीजबाबच खोटा होईल.

भूक मला कळली ती तेव्हा. त्याआधी भूक म्हणजे जेवणाची हाक, तिला चेहरा नव्हता. आता ती रोज येऊ लागली. संध्याकाळी दिवेलागणीला, शेजारी फोडणी पडली की ती येऊन बसायची. आधी पोटात ओढ, मग तोंडाला पाणी, मग हातापायांत एक प्रकारची चीड. भांडं पडल्याचा आवाज झाला तरी रडू यायचं. शाळेच्या इंग्रजी पुस्तकात कुठल्याशा पुडिंगचं वर्णन होतं. जन्मात पाहिलं नव्हतं, तरी ते वाचून माझ्या तोंडाला पाणी सुटलं – पुडिंग काय असतं हेही मला ठाऊक नव्हतं! शाळेतल्या फळ्याकडे पाहावं तर खडूलासुद्धा पिठाचा वास यायचा. हिरव्या मिरच्यांचा ठेचा, ज्वारीची भाकरी, कढीतले गोळे – हे मला झोपेत दिसायचं, आणि झोपेतही मी ‘नको’ म्हणत असे.

पहिले काही दिवस मी भुकेशी भांडले. मग तिला ओळखायला शिकले. ती लाटेसारखी येते आणि थोडा वेळ तग धरला तर ओसरते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. फोडणीच्या वेळेला घरात थांबायचं नाही, हेही मीच शोधलं. तेवढ्यासाठी व्यायामशाळेची वेळ मी संध्याकाळची करून घेतली. लवंग दाढेखाली धरायची. पाणी घोटाघोटाने प्यायचं. दुपारच्या त्या एका जेवणात भाकरीचा प्रत्येक घास इतका चावायचा की ज्वारी गोड लागायला लागते. ज्वारी गोड असते, ठाऊक आहे तुम्हाला? मला तोवर ठाऊक नव्हतं. आणि व्यायामानंतरची भूक वेगळी असते. ती चिडत नाही, ती मोठ्याने आणि सरळ मागते. तिला ‘उद्या दुपारी’ म्हणून सांगायला मी शिकले, आणि ती ऐकायची. माझ्या आयुष्यात माझं ऐकणारी ती पहिलीच.

आक्कांचं सांगणं मी मोडलं होतं. त्यांनी विचारलं तर मी नीट जेवते म्हणून सांगायची. एकदा दंड काढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ऊन लागलं म्हणाले. तेही खोटंच.

पण दोरी! श्रावणात मी डोक्याइतकी वर गेले. भादव्यात चौकटीच्या अर्ध्यावर. तळहातांना घट्टे पडले, पायाच्या बोटांमध्ये दोरीने भाजून कातडी सोलली, मग तिथेही घट्टा झाला. आणि एका संध्याकाळी वरच्या लाकडाला माझा हात लागला. खाली सगळ्या मुली माना वर करून उभ्या होत्या. भिंतीपलीकडे रस्ता दिसत होता, टांगे, सरकीच्या पोत्यांनी भरलेली एक बैलगाडी. कोणाच्याही दारातला उजेड मी अडवत नव्हते. आक्का खालून म्हणाल्या, “दसऱ्याला तू दोरीवर.” बास. एवढंच. मी खाली उतरले आणि चिंचेमागे जाऊन रडले, आनंदाने. ते रडणं माझं होतं. ती उंची माझी होती. मी ती माझ्या भुकेवर चढून गाठली होती.

घरी मात्र ती भूक देवीची होती. मोठी आई मला रोज सकाळी कुंकू लावायची. गल्लीतल्या बायका वाकून बोलत. मी बारीक होत चालले ते तपाने, असं सगळे म्हणत. मैदानावर काय चालतं ते कोणी विचारत नसे. कवायत असते, एवढंच ठाऊक. आणि मला – हे नीट ऐका – मला ते आवडत होतं. मी खोटी होते हे जाणून आवडत होतं.

आणि वहिनी? ती माझ्यासोबत एकदाच जेवायची. पण शाळेतून आले की मी सावलीत बसायची. ती धुणी धुवायची, पाणी भरायची, सगळ्यांची दोन्ही वेळची भाकरी थापायची. संध्याकाळी गरम भाकरीच्या वाफेत तोंड धरून बसायचं आणि स्वतः खायचं नाही – ते मी कधी केलं नव्हतं. मी त्या वेळेला मैदानावर पळालेली असायची. भुकेपासून पळायची वाट मी शोधली होती. तिला ती नव्हती. चूल सोडून ती कुठे जाणार?

आता ती गोष्ट, जिच्याभोवती मी इतका वेळ फिरते आहे.

घटस्थापनेच्या आधी मळ्यातून पहिली संत्री आली – अजून हिरवी, आंबट, नमुन्याला म्हणून पाठवलेली टोपली. संध्याकाळी मी मैदानावरून परतले तर मागच्या ओट्यावर वहिनी बसली होती. हातात एक हिरवं संत्रं. ती ते खात नव्हती. नखाने साल खरवडायची आणि नाकाशी धरायची. डोळे मिटून. पुन्हा खरवडायची, पुन्हा हुंगायची. मला पाहून दचकली, चोरी सापडल्यासारखी. मग हसली. मला जवळ बसवलं आणि हळूच म्हणाली, “प्रमिलाबाई, कोनाले सांगू नका. दिवस गेले मले. दसरा झाल्यावर सांगीन सासूबाईंले. तुमच्या नेमानं झालं हे.”

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या गालांची हाडं वर आली होती. डोळ्यांखाली काळं. दुपारचं जेवण तिच्या पोटात ठरत नव्हतं, हे तिनेच सांगितलं. आणि संध्याकाळी तर काहीच नाही.

मी म्हणाले, “वहिनी, आता तुम्ही संध्याकाळी जेवायला हवं.”

ती म्हणाली, “असं कसं? तुमचा नेम कार्तिकापर्यंत आहे. अधुरा टाकला अन् काही झालं तं? तुमी जेवल्या तं मी जेवीन.”

किती सोपं होतं! तुमी जेवल्या तं मी जेवीन. मी त्या ओट्यावर तेव्हाच म्हणू शकत होते की नेम खोटा आहे. किंवा तेही न म्हणता, आत जाऊन एक भाकरी खाऊ शकत होते. पण मग? मग पुन्हा ताटं मांडली जाणार, तुपाची धार पडणार, नाहीतर खोटं उघडं पडून मला अकोल्याला पाठवणार. आणि दसरा तोंडावर. मी तिच्या हातातलं संत्रं पाहिलं – सालीवर नखांच्या चंद्रकोरी उमटल्या होत्या. भूक कशी असते हे त्या घरात माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ती त्या क्षणी तिच्या पोटात कुठे ओढते आहे, हे मी बोट ठेवून दाखवलं असतं.

मी उठले आणि हातपाय धुवायला गेले.

संपूर्ण नवरात्र मी गप्प राहिले. ती संध्याकाळी भिंत धरून उठायची. एकदा कळशी तिच्या हातून सुटली. मोठी आई म्हणाली, “उपासानं थकली बाई,” आणि मी तिथेच पुस्तक घेऊन बसले होते. मी पान उलटलं. एवढंच केलं. पान उलटलं.

दसऱ्याला मैदान भरलं होतं. मी काष्टा मारून, कमरेला निळा पट्टा बांधून दोरीवर गेले. वर जाऊन आडवी झाले आणि दोन्ही हात सोडले. लोकांचा आवाज खालून वर आला. मी पडले नाही. आजही सांगते – चांगलं झालं ते. इतकं चांगलं मी त्यानंतर काही केलेलं नाही. वहिनी प्रेक्षकांत मोठ्या आईला टेकून बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. मला वरून दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या आईला सांगितलं की पहाटे देवी स्वप्नात आली, नेम पुरा झाला म्हणाली, दोघींनी जेवावं म्हणाली. खोट्यावर खोटं – पण या वेळेला पटकन सुचलं. मोठ्या आईने तिथेच हात जोडले. मग वहिनीने आपली गोष्ट सांगितली, आणि घरात जे झालं ते मी सांगत बसत नाही. पुरण शिजलं. सवाष्णी जेवल्या. वहिनी माझ्या शेजारी बसून जेवली. ती आधी हळूहळू आणि मग घाईघाईने जेवली, आणि मी माझ्या ताटात पाहत राहिले.

मुलगी झाली. अंबू. लहानखुरी होती, महिनोन्‌महिने तिला कापसात गुंडाळून ठेवावं लागलं. आता चांगली पळते. पण ती पळते म्हणून माझं काही कमी होत नाही. तसं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. दुसऱ्या लग्नाची गोष्ट बंद झाली, हेही सांगून पाहिलं. नाही.

त्यानंतर घरात माझ्या नावाचा एक मानच ठरला. अंबूचा वाढदिवस आला की पहिलं ताट मला. मी अकोल्याला वडिलांकडे आले तरी मोठी आई माणसाहाती पुरणपोळ्या पाठवायची. आणि दरवेळी मला दोन गोष्टी एकदम वाटायच्या. एक – हे माझं नाही. आणि दुसरी – जे माझं आहे त्याला कोणी विचारत नाही. दोरीला कोणी विचारत नाही! माझ्या तळहातांवरचे घट्टे देवीच्या नावावर जमा झाले होते. खरं बोलावंसं वाटायचं त्यात पश्चात्ताप किती आणि हा राग किती, मला अजून वेगळं करता येत नाही.

परवा वहिनी अकोल्याला आली. सोबत अंबू, आणि अकोटहून तिची धाकटी बहीण गंगा. गंगेलाही मूल नाही, आणि सासरी दुसरीची बोलणी पक्की होत आली आहेत. मी सांभारवडीच्या, कोथिंबीर भरून तळलेल्या वड्यांच्या, बशा आणून ठेवल्या. गंगा काडीसारखी बारीक, पाटावर अंग चोरून बसलेली. वहिनी म्हणाली, “मी हिले म्हटलं, आमच्या प्रमिलाबाईचा नेम फळते. त्यायच्यापाशी चाल. तुमी हिच्यासाठी एकदा धरा. मी पाया पडते तुमच्या.” आणि ती खरंच वाकू लागली.

मी तिला खांद्यांना धरून थांबवलं. तोवर गंगेने आपल्यापुढची बशी दोन बोटांनी हळूच पुढे सरकवली होती.

“मीबी धरते संगं,” ती म्हणाली. “आजपासूनच. मले भूक सहन होते, बाई.”

अंबूने ती सरकवलेली वडी उचलली आणि खायला लागली. वहिनी तिला रागावली. गंगा तिच्या तोंडाकडे पाहत होती. तशी नजर मी ओळखते. ज्या ओट्यावरून मी उठून गेले होते, तोच ओटा जणू माझ्या बैठकीत येऊन बसला होता.

मी बशी पुन्हा गंगेपुढे ओढली. तिचा हात धरून बशीवर ठेवला. आणि ज्या मराठीत मी सगळं खोटं बोलले होते, ती माझी पुस्तकातली मराठी नेमकी त्या वेळेला मला सुचेना. मी घरच्या बोलीत म्हणाले –

“खाय तू. माह्या नेमानं काही होत नाई. तो नेम नव्हताच, वहिनी. मले दोरीवर चढायचं होतं, म्हणून उपाशी राह्यली मी. तुमच्यासाठी नाई. अन् तुमी दोन जिवाच्या उपाशी होत्या, ते मले रोज दिसत होतं.”